त्या २२८ जणांची नावे काय होती?

मा. महापौर,
बृहन्मुंबई महानगरपालिका



आपण ज्या इमारतीत बसता तिच्याजवळचा दादाभाई नौरोजी मार्ग १९४६ साली हॉर्नबी रोड होता. त्या वर्षी १९ फेब्रुवारीला, मंगळवारी, त्या रस्त्यावर पांढऱ्या गणवेशातली पोरे उतरली. कुणी लॉऱ्यांत उभे होते, कुणी पायी चालत होते, काहींच्या हातात हॉकीच्या काठ्या होत्या. रॉयल इंडियन नेव्हीचे हे खलाशी ‘जय हिंद’च्या घोषणा देत फ्लोरा फाउंटनच्या परिसरात फिरत होते. ज्या चौकाला आज आपण हुतात्मा चौक म्हणतो, तोच हा चौक.

त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत या शहरात जे घडले, त्याचा सरकारी हिशेब असा लागला : २२८ नागरिक ठार, १,०४६ जखमी. हे नाविकांचे आकडे नव्हेत. ही रस्त्यावरची, चाळींतली, गिरण्यांतली माणसे. त्यांच्यासाठी मी आपल्याला हे पत्र लिहीत आहे. आपल्याकडे एक मागणी आहे. ती मांडण्याआधी जे घडले ते थोडे विस्ताराने सांगू द्या, कारण ते कळल्याशिवाय मागणीचे वजन कळणार नाही.

कुलाब्याला ‘तलवार’ नावाचा नौदलाचा तळ होता. नाव जहाजाचे, पण होती जमिनीवरची शाळा : बिनतारी संदेश शिकवणारी. तिथली मुले बऱ्यापैकी शिकलेली होती. १९३९ साली, महायुद्ध सुरू झाले तेव्हा, या नौदलात दोन हजारसुद्धा खलाशी नव्हते. युद्ध संपता संपता ती संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली. पंजाब, बंगाल, मद्रास, कोकण, सगळीकडून पोरे भरती झाली. त्यांनी ब्रह्मदेशाचा किनारा पाहिला, भूमध्य समुद्र पाहिला, गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने जीव धोक्यात घातला. आणि परत येऊन पाहतात तो पगार गोऱ्यापेक्षा कमी, जेवण वेगळे, डाळीत खडे, आणि वर शिव्या. युद्ध संपल्यामुळे घरी पाठवणी होणार होती. पुढे नोकरीचा भरवसा नव्हता. शिवाय ब्रिटिशांनी हिंदी फौजा इंडोनेशियात धाडल्या होत्या, तिथल्या लोकांना पुन्हा डचांच्या ताब्यात द्यायला. आपण कुणाच्या बाजूने लढतो आहोत, हा प्रश्न त्या मुलांना पडला नसता तरच नवल. दिल्लीत लाल किल्ल्यावर आझाद हिंद सेनेच्या शाहनवाझ, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला चालला होता आणि सारा देश त्याकडे पाहत होता.

१ डिसेंबर १९४५ हा नेव्ही डे. त्या दिवशी लोकांना तळ दाखवायचा म्हणून ‘तलवार’ रंगवून-सजवून ठेवली होती. सकाळी उघडून पाहतात तर भिंतींवर ‘भारत छोडो’, ‘जय हिंद’. पुढे फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरसेनापती ऑकिनलेक यांची भेट ठरली तेव्हा पुन्हा तसेच घडले. या वेळी बलाईचंद्र दत्त नावाचा एक बंगाली टेलिग्राफिस्ट पकडला गेला. त्याने काही नाकारले नाही. ८ फेब्रुवारीला तळाचा प्रमुख कमांडर आर्थर किंग याने खलाशांना कुलींची पोरे, जंगल्यांची पोरे अशा शिव्या घातल्या. नाविकांनी रीतसर तक्रार केली. तक्रारीचे काही झाले नाही. १८ तारखेला, सोमवारी सकाळी, ‘तलवार’वरच्या हजाराहून जास्त मुलांनी न्याहारी नाकारली : जेवण नाही तर काम नाही.

पुढचे वेगाने झाले. संदेश पाठवणे हे तर त्यांचेच काम होते. बातमी बिनताराने बंदरातल्या जहाजांवर गेली, कराचीला गेली, कलकत्त्याला, मद्रासला, विशाखापट्टणमला गेली. दोन दिवसांत साधारण अठ्ठ्याहत्तर जहाजे, वीसेक तळ आणि वीस हजारांच्या आसपास नाविक त्यात सामील झाले. केंद्रीय संप समिती निवडली गेली. सिग्नलमन एम. एस. खान अध्यक्ष, टेलिग्राफिस्ट मदन सिंग उपाध्यक्ष. जहाजांवरचा युनियन जॅक उतरला आणि त्या जागी काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तिन्ही झेंडे वर चढले. देशातले पुढारी तेव्हा एका टेबलाभोवती बसायला तयार नव्हते. एका डोलकाठीवर ते तीन झेंडे एकत्र लावायचे हे त्या पोरांना सुचले. त्यानंतर सहा महिन्यांत कलकत्ता पेटले, सप्टेंबरात मुंबईतही दंगल झाली. म्हणून मला ते तीन झेंडे आठवले की आजही गलबलते.

त्यांच्या मागण्या आज वाचल्या तर दोन जातींच्या दिसतात. चांगले जेवण, गोऱ्या नाविकांइतका पगार, किंगवर कारवाई, लवकर मुक्तता या एका जातीच्या. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणा या दुसऱ्या जातीच्या. काही अभ्यासकांनी यावरून वाद घातला आहे की हा संप पोटाचा होता की देशाचा. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हा वाद कळतच नाही. आमच्याकडे पगारासाठी संपावर गेलेला माणूस संध्याकाळी कामगार मैदानावर देशाविषयीचे भाषण ऐकायला जायचा. त्याच्या डोक्यात या दोन गोष्टींसाठी दोन कप्पे नव्हते.

शब्दाचेच पाहा. ब्रिटिश कागदांत हे ‘म्युटिनी’. मराठीत आपण बरीच वर्षे ‘नाविकांचे बंड’ म्हणत आलो, आता ‘उठाव’ म्हणतो. नाविक स्वतः ‘संप’ म्हणत होते. माझी आजी तेव्हा डिलाईल रोडच्या एका चाळीत राहत होती. ती शेवटपर्यंत ‘जहाजवाल्यांचा संप’ असेच म्हणायची. आमच्या घरात संप हा शब्द हलका नव्हता. संप म्हणजे चूल थंड, दागिना गहाण, वाण्याची उधारी, आणि तरीही मागे न फिरणे. गिरणीतल्या माणसाने जहाजावरच्या माणसाला ओळखले ते या शब्दावरून, असे मला वाटते.

२१ फेब्रुवारीला, गुरुवारी, कॅसल बॅरॅक्समध्ये खलाशांना कोंडून ठेवले होते. हीच जागा आता आय.एन.एस. आंग्रे या नावाने ओळखली जाते. स्वातंत्र्यानंतर तिला कान्होजींचे नाव दिले गेले. भोवती पहाऱ्याला आधी मराठा पलटणीचे जवान उभे केले, मग गोरे सैनिक आणले. आतल्या पोरांनी शस्त्रागार उघडले आणि तासन् तास गोळ्या चालल्या. बंदरातल्या जहाजांनी तोफांची तोंडे शहराच्या बाजूला वळवली होती, पण ती डागली नाहीत. त्या दुपारी नौदलाचा प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल गॉडफ्री रेडिओवरून बोलला. त्याच्या बोलण्याचा अर्थ सरळ होता : सरकारकडे प्रचंड ताकद आहे आणि ती शेवटपर्यंत वापरली जाईल, त्यात हे नौदल नष्ट झाले तरी हरकत नाही. ट्रिंकोमालीहून ‘ग्लासगो’ ही क्रूझर निघाली होती. दुसऱ्या दिवशी बंदरावरून विमाने फिरवली गेली. कराचीला मनोरा बेटाजवळ ‘हिंदुस्तान’ या जहाजावर खरोखरच तोफा डागल्या गेल्या आणि त्यात नाविक मेले.

आणि त्याच २१ तारखेला अपोलो बंदरावर काय चालले होते? जहाजांवर शिधा पोचू द्यायचा नाही असे सरकारने ठरवले होते. ही बातमी शहरात पसरली आणि माणसे खायचे घेऊन निघाली. कुणी पाव, कुणी फळे, कुणी दुधाची किटली. दुकानदार म्हणू लागले, न्या हवे ते. गेटवेपाशी पुड्यांचे ढीग लागले आणि जहाजांवरून आलेल्या छोट्या होड्यांत ते भरले जाऊ लागले. पहाऱ्यावरचे हिंदी शिपाईही बंदूक खांद्याला अडकवून पुडे उचलू लागले. गॉडफ्रीच्या त्या भाषणाला मुंबईने दिलेले हे उत्तर होते. त्या दिवशी बंदरावर गेलेल्या कुणाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. जे अन्न घेऊन गेले त्यांचे नाही, आणि दुसऱ्या दिवशी जे मेले त्यांतल्या बहुतेकांचेही नाही.

२२ तारखेला, शुक्रवारी, कम्युनिस्ट पक्षाने हरताळाची हाक दिली. अरुणा असफअली आणि अच्युतराव पटवर्धन या काँग्रेस समाजवाद्यांनी तिला पाठिंबा दिला. सरदार पटेलांचा विरोध होता. शांत राहा, असे त्यांनी शहराला सांगितले. तरीही सुमारे तीन लाख कामगार कामावर गेले नाहीत. गिरण्यांचे भोंगे वाजले आणि आत कुणी गेले नाही. परळ, लालबाग, काळाचौकी, डिलाईल रोड, तिकडे डोंगरी, भेंडीबाजार, सगळीकडे माणसे रस्त्यावर आली. रस्ते अडवले गेले. आणि लष्करी गाड्या आल्या.

इथे मला प्रामाणिक राहिले पाहिजे. त्या दिवसांत शहरात लूटही झाली. धान्याची दुकाने फुटली, टपाल कार्यालये जळली, लॉऱ्या पेटवल्या, गोऱ्या दिसणाऱ्या माणसांना अडवून त्रास दिला गेला. पोलिसांतलेही काही मेले. हे झाकून ठेवून मला हुतात्म्यांची यादी मागायची नाही. पण लष्कराने जो गोळीबार केला तो लुटारू शोधून केलेला नव्हता. चिलखती गाड्या वस्तीतून गेल्या आणि जे समोर आले त्यावर गोळ्या झाडल्या. चाळीच्या गॅलरीत उभी असलेली माणसे मेली, बोळाच्या तोंडाशी उभी राहून बघणारी मेली. २२८ हा सरकारने मोजलेला आकडा आहे.

त्यातले एक नाव मात्र आपल्याला ठाऊक आहे, आणि तेवढे एकच नाव ठाऊक असणे मला फार खुपते. कमल दोंदे. परळच्या बायकांमध्ये काम करणारी कम्युनिस्ट पक्षाची कार्यकर्ती. २२ फेब्रुवारीला परळमध्ये लष्कराच्या गोळीने ती मेली. तिच्याबरोबरच्या कुसुम रणदिवे यांच्या पायात गोळी लागली. अहिल्या रांगणेकर तेव्हा तिथे होत्या, त्या बचावल्या. पुढे अनेक वर्षे त्या याच महापालिकेत नगरसेविका होत्या आणि १९७७ साली मुंबईतून लोकसभेत गेल्या. म्हणजे ज्या सभागृहात आपण आज अध्यक्षस्थानी बसता, तिथल्या बाकांवर त्या दिवसाची एक साक्षीदार वर्षानुवर्षे बसत होती. कमल दोंदे यांचे नाव राहिले ते त्यांच्या सोबतिणी जगल्या आणि बोलल्या म्हणून. बाकीच्यांच्या सोबत्यांना बोलायला व्यासपीठ नव्हते.

२३ तारखेला पहाटे संप समितीने शस्त्रे खाली ठेवली. सरदार पटेल आणि जीना या दोघांनीही नाविकांना तोच सल्ला दिला होता. कुणावरही सूड उगवला जाणार नाही यासाठी आम्ही प्रयत्न करू, असे आश्वासन काँग्रेसने दिले होते. पटेलांविषयी मी वाईट बोलणार नाही. समोर क्रूझर, डोक्यावर विमाने, आणि ज्यांना युद्धनौका चालवता येत होत्या पण राजकारण येत नव्हते अशी विशी-बाविशीतली पोरे. पटेलांनी त्यांना थांबवले नसते तर बंदरात रक्ताचा सडा पडला असता, हे त्यांनी बरोबर ओळखले. पुढे एका पत्रात त्यांनी सैन्याची शिस्त बिघडू देता येणार नाही, कारण स्वतंत्र भारतालाही सैन्य लागणारच आहे, अशा अर्थाचे लिहिले. राज्य चालवायला निघालेल्या माणसाचा तो विचार होता आणि मला तो पटतो. गांधीजींनाही ती हिंसा मान्य नव्हती. त्यावरून अरुणाबाईंशी त्यांचा जाहीर वाद झाला. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. ज्या बोलण्यांतून हे सगळे मिटले, ती बोलणी नाविकांविषयी होती. त्यांना सुखरूप बाहेर काढायचे, त्यांच्यावर सूड होऊ द्यायचा नाही, त्यांच्या तक्रारींची चौकशी करायची. रस्त्यावर पडलेल्या माणसांचा त्यात विषयच नव्हता. त्यांच्या घरच्यांचे काय, त्यांच्या जखमांचे काय, गोळी कुणी झाडली, हे विचारायला टेबलाशी कुणीच नव्हते. शनिवारी सकाळी संप संपला तरी शहरात गोळ्या लगेच थांबल्या नाहीत. गिरणगाव शांत व्हायला आणखी दिवस गेले.

नाविकांना दिलेले आश्वासनही पुरते पाळले गेले नाही. पकडलेल्यांना मुलुंडच्या छावणीत ठेवले, चौकशी झाली आणि चारशेंहून अधिक जणांना नौदलातून काढून टाकले. स्वातंत्र्य आले. ना भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतले, ना पाकिस्तानच्या. बलाईचंद्र दत्त मुंबईतच राहिले, ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये बातमीदार झाले, पुढे त्यांनी या साऱ्यावर पुस्तक लिहिले. उत्पल दत्त यांनी १९६५ साली कलकत्त्यात मिनर्व्हा थिएटरमध्ये या उठावावर ‘कल्लोल’ हे नाटक केले आणि त्याच वर्षी त्यांना तुरुंगात जावे लागले. बऱ्याच काळानंतर सरकारने या नाविकांना स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाला पात्र ठरवले. नौदलाने मदन सिंग आणि बी. सी. दत्त यांची नावे आपल्या बोटींना दिली. कुलाब्यात या उठावाचे स्मारक उभे राहिले : जहाजाचे चक्र हातात धरलेला नाविक. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीच्या संचलनात नौदलाच्या चित्ररथावर १९४६ चा उठाव होता. ज्या घटनेला आधी शिस्तभंग म्हटले, तिला अखेर नौदलाने आपल्या इतिहासात उघडपणे जागा दिली. उशिरा का होईना, हे झाले याचा मला आनंद आहे.

नौदलाने आपले देणे फेडले. मुंबईने आपले फेडलेले नाही.

महापौर महोदय, हे शहर आपल्या मेलेल्यांना विसरणारे नाही. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे झोपून मेलेला बाबू गेनू गिरणीतलाच होता, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. त्याच्या नावाचा रस्ता इथे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पडलेल्या माणसांची नावानिशी, गावानिशी यादी महाराष्ट्राने जपली. ती दर वर्षी १ मे आणि २१ नोव्हेंबरच्या आसपास छापून येते, आणि त्यातही किती तरी नावे याच गिरणगावातली आहेत. याच शहराच्या रस्त्यांवर त्याआधी दहा वर्षे जे घडले त्यातले २२८ जण मात्र नुसता आकडा होऊन राहिले. असे का झाले असावे? मला एवढेच दिसते की त्यांचे कुणीच नव्हते. काँग्रेसला ते आपल्या सांगण्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेले वाटले. लीग पुढे दुसऱ्या देशात गेली. कम्युनिस्ट पक्षाने आठवण जागी ठेवली, पण पक्षाची ताकद गिरण्यांबरोबर ओसरत गेली. आणि गिरण्याच गेल्या. ज्या खात्यांत ती माणसे २२ तारखेला गेली नाहीत, तिथे आता काचेचे मनोरे आहेत.

आता माझी मागणी.

हे काम पुतळ्याचे नाही, निधीचेही फारसे नाही. हे काम कागदांचे आहे, आणि मुंबईत ते कुणी करू शकत असेल तर ते आपली महापालिकाच. या शहरात कोण जन्मले आणि कोण मेले याची नोंद ठेवण्याचे काम महापालिकेकडे आहे. परळचे केईएम रुग्णालय १९२६ पासून महापालिकेचे आहे. गिरणगावात गोळी लागलेल्या माणसाला उचलून न्यायचे तर जवळचे मोठे रुग्णालय तेच. मेलेल्यांना शेवटी कुठे तरी नेले गेले असणार : भोईवाड्याच्या, वरळीच्या स्मशानात, चंदनवाडीला, मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात, नारियलवाडीत. या प्रत्येक ठिकाणी कुणी तरी वहीत एक ओळ लिहिली असेल. नाव, वय, पत्ता, धंदा, मरणाचे कारण.

माझी विनंती अशी की आपण एक छोटी समिती नेमावी. त्यात आरोग्य खात्याच्या अभिलेख विभागातला एक जाणकार कर्मचारी असावा, राज्य पुराभिलेखागारातून एक, मुंबई विद्यापीठाच्या इतिहास विभागातून दोन-तीन संशोधक विद्यार्थी आणि गिरणगावातली दोन-चार जुनी माणसे. त्यांना १८ फेब्रुवारी ते मार्च १९४६ अखेरपर्यंतच्या मृत्यूंच्या नोंदी पाहू द्याव्यात. मार्चअखेर मुद्दाम म्हणतो आहे, कारण गोळी लागलेली सगळीच माणसे त्याच दिवशी मेली नसतील. काही जण आठवड्यांनी गेले असतील आणि त्यांच्या नावापुढे भलतेच कारण लिहिले गेले असेल. त्या वेळची मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी वर्तमानपत्रे नोंदींशी ताडून पाहावीत. शहरात अशी कुटुंबे असतील ज्यांच्या घरात एक फोटो आहे आणि ‘आमचे काका त्या गोळीबारात गेले’ एवढीच गोष्ट आहे. त्यांना पुढे येण्याचे आवाहन महापालिकेच्या नावाने व्हावे. मी सांगितले तर त्याला काही अर्थ नाही. महापौरांनी सांगितले तर लोक कपाट उघडतील.

जी नावे मिळतील ती विभागवार लावावीत. जो माणूस लालबागला पडला त्याचे नाव लालबागला, जो डोंगरीत पडला त्याचे डोंगरीत. संगमरवर नको, काळ्या दगडाची साधी पाटी पुरे. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर. त्यावर धर्म लिहू नये, पक्ष लिहू नये. नाव, वय, काम, तारीख. सगळी २२८ मिळणार नाहीत. चाळीस मिळाली तरी चाळीस माणसे आकड्यातून बाहेर आली. राहिलेल्यांसाठी पाटीवर जागा मोकळी सोडावी.

कुणी म्हणेल, आता ऐंशी वर्षे होऊन गेली, खड्डे बुजत नाहीत आणि हे कुठे जुने काढता? महापालिकेपुढे कामांचा किती ढीग आहे हे मी रोज पाहतो. पण वहीतली शाई कुणासाठी थांबत नाही. मुंबईची दमट हवा, गळती, वाळवी. एका पावसाळ्यात एक कपाट जाते. आणि ज्यांच्या आठवणीत तो दिवस प्रत्यक्ष होता ती पिढी तर जवळजवळ संपली. माझी आजी गेली. तिला मी वेळेवर पुरते विचारले नाही, ही चूक माझीच.

तिने मला जे सांगितले ते थोडेच आहे. शुक्रवारी सकाळी गॅलरीतून खाली पाहू नका असे आजोबा ओरडत होते. आवाज आला तेव्हा आधी वाटले फटाके, मग पत्र्यावर काही तरी लागले. खालच्या मजल्यावर एक शिंपी राहत होता, त्याचा मुलगा बाराएक वर्षांचा. तो कोपऱ्यावर गेला होता. कशाला, ते आजीला आठवत नव्हते. कधी दूध म्हणायची, कधी नुसते बघायला. त्याला उचलून आणले तेव्हा त्याच्या पायात एकच चप्पल होती. शिंपी पुढच्या महिन्यात खोली सोडून गावी निघून गेला. मुलाचे नाव आजीला शेवटपर्यंत आठवले नाही. शिंप्याचा मुलगा, एवढेच म्हणायची. त्याची दुसरी चप्पल बरेच दिवस जिन्याखाली पडली होती, हे मात्र तिला पक्के आठवत होते.

समिती जेव्हा वह्या उघडेल, तेव्हा २२ फेब्रुवारी १९४६, डिलाईल रोड, वय सुमारे बारा, अशी एखादी ओळ समोर आली तर कृपा करून मला कळवावे. मी परळला राहतो. बोलावले की वही पाहायला येईन.

आपला,
परळचा एक रहिवासी